‘जाई’ म्हणून आणलेलं रोप जाईच आहे का? फूल राहू द्या, आधी पान बघा

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पुण्यात गच्चीवर दोन कुंड्या आहेत. एकीत दोन वर्षांपूर्वी ‘जाई’ म्हणून आणलेलं रोप. त्याला डिसेंबर-जानेवारीत पांढरीशुभ्र फुलं भरभरून येतात, पण वास जवळजवळ नाहीच. आई म्हणते हा कुंद, शेजारच्या काकू म्हणतात चमेली आणि मोबाइलवरचं अ‍ॅप म्हणतं ‘स्टार जस्मिन’. दुसऱ्या कुंडीत मोगरा आहे. तो नुसता पसरतो, गेल्या उन्हाळ्यात जेमतेम सात-आठ फुलं आली. दोन्ही झाडं तुम्ही दर वर्षी पाऊस लागला की जूनमध्ये छाटता. हे सगळे जॅस्मिनच असतील तर निगाही एकच असायला हवी ना, असं तुम्ही विचारलंय.

तुमची अडचण मुळात वासाची किंवा नुसत्या खताची नाही. दोन वेगळ्या झाडांना एकच वेळापत्रक लागलंय, आणि त्याचं मूळ नावाच्या घोळात आहे. जॅस्मिन म्हणजे ‘जास्मिनम’ ही प्रजाती, तिच्यात जगभरात दोनशेच्या आसपास जाती आहेत. मोगरा, जाई, जुई, कुंद आणि सह्याद्रीतली कुसर या तिच्यातल्या पाच वेगळ्या जाती. प्रत्येकीचा फुलायचा हंगाम वेगळा, कळी धरायची रीत थोडी वेगळी, त्यामुळे छाटायची वेळही वेगळी. आधी झाड ओळखायचं, मगच कात्री हातात घ्यायची.

तुम्ही टाकलेल्या फोटोवरून सांगतो: आई बरोबर आहे. तो कुंदच. फोटोत पानं एकेकटी आहेत, समोरासमोर जोडीने येताहेत, रंग फिका आणि मंद, आणि कोवळ्या फांदीवर बारीक लव दिसतेय. खात्री करायची असेल तर एक पान दोन बोटांत धरून हळूच चोळा. मखमलीसारखं लागेल. मग फुलाच्या मागची बाजू बघा: पाकळ्यांखालच्या हिरव्या भागातून दोऱ्यासारखे केसाळ तंतू निघालेले असतात. फुलं छोट्या फांद्यांच्या टोकाला दाटीने बसतात, एकेका फुलाला सात-आठ अरुंद पाकळ्या. कुंदाचा वास मुळातच मंद, काही झाडांना तर नाकाला कळणारही नाही इतका. आपल्याकडे दातांना कुंदकळ्यांची उपमा देतात ती शुभ्रतेसाठी आणि आकारासाठी, सुगंधासाठी नव्हे. तेव्हा तुमच्या झाडात काही दोष नाही. ते त्याच्या स्वभावाप्रमाणे उत्तम वाढलंय.

खरी जाई असती तर पानाकडे बघूनच कळलं असतं. जाईचं पान संयुक्त असतं: एका देठावर सात ते नऊ लहान पानं, पिसासारखी दोन्ही बाजूंना मांडलेली, टोकाचं पान सगळ्यांत मोठं आणि निमुळतं. टोकालगतची जोडी पुष्कळदा त्या शेवटच्या पानाला तळाशी चिकटलेली असते. फांद्या हिरव्या, सडपातळ, खाली झुकणाऱ्या. कळीला बाहेरून गुलाबी छटा असते, ती मिटलेली असताना ठळक दिसते आणि फूल उमललं की पाकळ्यांच्या पाठीवर राहते. बहर पावसाळ्यात, साधारण जूनपासून दिवाळीपर्यंत. कुंदाचं पान आणि जाईचं पान शेजारी ठेवलं तर लहान मूलही वेगळं सांगेल. म्हणून रोप घेताना फूल नसलं तरी बिघडत नाही.

जुईला ओळखायला थोडं बारकाईने बघावं लागतं. तिचं पानही संयुक्त, पण तीन पानांचं: मधलं एक मोठं आणि त्याच्या बुडाशी दोन अगदी इवलीशी, कानाच्या पाळीसारखी. शास्त्रीय नावातल्या ‘ऑरिक्युलेटम’चा अर्थही कान असलेली असाच. कधी कधी ते कान इतके लहान असतात किंवा गळून गेलेले असतात, की पान साधंच वाटतं. त्यामुळे एका पानावर निकाल देऊ नका, चार-पाच फांद्या बघा. फुलं जाईपेक्षा लहान, पण मोठ्या घोसाने येतात. संध्याकाळी उमलतात आणि दुसऱ्या दिवशी मान टाकतात.

मोगऱ्याचं पान साधं, जाडसर, गडद हिरवं, शिरा ठसठशीत उमटलेल्या. हात फिरवला तर गुळगुळीत लागतं, कुंदासारखं मखमली नाही. मोगरा ही एकच जात, पण तिच्यात प्रकार पुष्कळ. एकेरी पाकळ्यांचा मोगरा वेलीसारखा लांब जातो आणि फुलांना कंजूष नसतो. बटमोगऱ्याची कळी गोल, बटणासारखी, पाकळ्या दुहेरी-तिहेरी. मदनबाणाची कळी लांब आणि टोकदार, गजऱ्याला सुरेख. छोट्या गुलाबासारखं गच्च फूल येणारा प्रकारही आहे, ज्याची पानं एका पेरावर तीन-तीन येतात. तो फार सावकाश वाढतो आणि फुलं मोजकीच देतो, म्हणून गच्चीवर पहिलंच झाड घेणाऱ्याला मी तो सुचवत नाही. ‘हजारी मोगरा’ म्हणून जे मिळतं ते मात्र पुष्कळदा मोगऱ्याच्या कुळातलंही नसतं. रुंद, कडेला दात असलेली पानं, चुरगळली की उग्र वास, आणि जमिनीखालून फुटवे काढत सगळी बाग व्यापणारं ते झाड वेगळंच आहे.

आता नावांचा घोळ. जाती या संस्कृत शब्दाचा जाई झाला, यूथिकाची जुई झाली, आणि मल्लिका म्हणजे मोगरा. जात्यादी तेलातली जाती ती हीच जाई, तिची पानं त्यात वापरतात. चमेली हे हिंदीत जाईचंच नाव. पण आपल्याकडे रोपवाटिकांत ते जाई, कुंद, कधी पिवळ्या फुलांची झुडपं अशा कशालाही लावलेलं मी बघतो. ‘सायली’चंही तसंच, गावागणिक वेल बदलते. ही नावं चुकीची आहेत असं मी म्हणत नाही. लोक पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या गावात ती वापरतात आणि त्या गावापुरती ती बरोबरच असतात. फक्त त्यांच्या भरवशावर खरेदी करू नका.

तुमच्या अ‍ॅपचं ‘स्टार जस्मिन’ही अर्धवट खरं आहे. कुंदालाही हे नाव आहे आणि ट्रॅकेलोस्पर्मम नावाच्या एका परदेशी वेलीलाही. ती वेल करवंदाच्या आणि तगरीच्या कुळातली. पान तोडलं की देठातून पांढरा चीक येतो, आणि खऱ्या जॅस्मिनला चीक कधीच येत नाही. ही एक खूण लक्षात ठेवलीत तरी निम्मी फसगत टळेल. तगरही याच खुणेने बाहेर पडते, जिला इंग्रजी पाट्यांवर ‘क्रेप जस्मिन’ म्हणतात. अनंताला ‘केप जस्मिन’ म्हणतात, पण तो कॉफीच्या कुळातला. कुंती म्हणजे ‘ऑरेंज जस्मिन’, ती लिंबाच्या कुळातली आणि पान चुरगळलं की तसाच वास येतो. रातराणी तर वांग्या-धोत्र्याच्या कुळातली, पानं एकाआड एक येणारी, आणि तिची फळं विषारी. घरात लहान मुलं असतील तर हे माहीत हवंच.

पारिजातकाला ‘नाइट जस्मिन’ म्हणतात ते इतकं दूरचं नाही. तो आणि मोगरा एकाच कुळातले. लिनियसने १७५३ मध्ये झाडांना नावं दिली तेव्हा मोगरा आणि पारिजातक एकाच प्रजातीत घातले होते. १७८९ मध्ये एटन या वनस्पतिशास्त्रज्ञाने मोगऱ्याला तिथून काढून जास्मिनममध्ये आणलं. मोठमोठ्या अभ्यासकांचीही जिथे उलथापालथ झाली, तिथे रोपवाटिकेतल्या माणसावर फसवल्याचा आरोप करायची मला घाई नाही. कुंदाची फांदी मातीत खोचली की सहज लागते, रोपं भराभर तयार होतात, आणि एका वाफ्यातली रोपं दुसऱ्या पाटीखाली जायला वेळ लागत नाही. ‘अरेबियन जस्मिन’ म्हणून महाग विकलं जाणारं रोप मात्र ओळखून घ्या: तो आपला मोगराच. फिलिपिन्सचं राष्ट्रीय फूल ‘सांपागिता’ तेही मोगरा, आणि २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ‘मदुराई मल्ली’ तीही मोगरा. मदुराईच्या फुलाची कीर्ती तिथल्या मातीची, हवेची आणि तिथल्या शेतकऱ्यांच्या हातची आहे. रोप पुण्याला आणलं म्हणून ती सगळी बरोबर येत नाही.

आता छाटणी. तुमच्या दोन्ही झाडांचं कोडं इथेच सुटतं. यातली बहुतेक झाडं नव्या फुटव्याच्या टोकाला कळी धरतात. म्हणजे छाटायचं ते नवा फुटवा यावा म्हणून, आणि तो फुटवा नेमका त्या झाडाच्या हंगामाच्या तोंडाशी तयार व्हावा असा दिवस निवडायचा. कुंद थंडीत फुलतो, पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांवर. तुम्ही जूनमध्ये कापलंत, पावसात नव्या फांद्या आल्या, डिसेंबरात फुलल्या. नकळत तुमची वेळ कुंदाला मानवली. मोगऱ्याचं गणित उलटं आहे. त्याचा मुख्य बहर मार्च ते जून, म्हणजे फुटवा फेब्रुवारीत हवा. जूनमध्ये कापल्यावर पावसाच्या पाण्यावर त्याने नुसती पानं आणि लांब फांद्या काढल्या, हिवाळ्यात तो तसाच जुन्या लाकडावर बसून राहिला, आणि उन्हाळ्यात फुटायला नवी टोकंच उरली नाहीत.

मोगरा नक्की कधी कापायचा हे गावावर अवलंबून आहे. तमिळनाडू कृषी विद्यापीठाची शिफारस मोगऱ्यासाठी नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा, जाईसाठी डिसेंबरअखेर आणि जुईसाठी जानेवारीअखेर अशी आहे, आणि तीही जमिनीपासून साधारण ४५ ते ५० सेंटीमीटरवर. पण तिथली थंडी आणि पुण्याची थंडी यांत फरक आहे. पुण्यात नोव्हेंबरअखेर कापलं तर कोवळा फुटवा डिसेंबरच्या रात्रींत थिजून बसतो. म्हणून पुणे, नाशिक, विदर्भात मी मोगरा जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात घेतो. कोकणात आणि गोव्यात डिसेंबरच्या मध्यापासून चालतं. जाई जानेवारीत, जुई जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला. आणि कुंद बहर संपल्यावर, फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये, म्हणजे त्याला वाढायला अख्खा उन्हाळा आणि पावसाळा मिळतो. ऑगस्टनंतर कुंदाला कात्री लावू नका, कळ्या धरणारी टोकंच जातील.

तुमच्या मोगऱ्याचं काम या क्रमाने करा. छाटणीआधी आठ-दहा दिवस पाणी तोडा. कुंडीतलं झाड असल्याने रोज बघा. पानं मलूल झाली, दुपारी लोंबली आणि सकाळी पुरती सावरेनाशी झाली की पुरे, झाड वाळवायचं नाहीये. मग स्वच्छ, धारदार कात्रीने सगळ्या फांद्या निम्म्यावर आणा, कुंडीत झाड साधारण दीड फूट उरेल असं. आतल्या बाजूला एकमेकींत अडकलेल्या, सुतळीसारख्या बारीक आणि सुकलेल्या फांद्या बुडातून काढा. उरलेली सगळी पानं हाताने, देठापासून वर ओढून काढून टाका. पहिल्यांदा करताना जीव धजत नाही हे मला ठाऊक आहे, पण पानं ठेवली तर झाड त्या पानांवरच भागवतं आणि फांदीवरचे डोळे, म्हणजे नवा फुटवा निघायच्या जागा, झोपलेले राहतात. नंतर वरची दोन इंच माती मुळं न दुखावता मोकळी करून बाजूला काढा आणि तिच्या जागी चांगलं कुजलेलं शेणखत एक किलो आणि निंबोळी पेंड मूठभर घाला. कुंडी १४ इंचाहून लहान असेल तर याच वेळी मोठी करा. माती दोन भाग, शेणखत एक भाग, वाळू एक भाग. मग एकदा भरपूर पाणी, आणि फुटवा दिसेपर्यंत बेताबेताने.

फुटवा आल्यावर खताकडे जरा सांभाळून बघा. शेतात मोगऱ्याला एका झाडाला वर्षाला ६० ग्रॅम नत्र, १२० ग्रॅम स्फुरद आणि १२० ग्रॅम पालाश अशी मात्रा दोन हप्त्यांत देतात. कुंडीला एवढं लागत नाही, पण प्रमाण लक्षात घ्या: नत्र स्फुरद-पालाशच्या निम्मं. तुम्ही लिहिलंय की दर महिन्याला युरियाचं पाणी देता. ते बंद करा. युरिया म्हणजे नुसतं नत्र, आणि ‘नुसता पसरतो’ यामागे त्याचा मोठा हात आहे. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत आणि चमचाभर हाडांचं खत पुरेसं आहे.

ऊन किती मिळतं हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि बाकीचं सगळं त्यावर ठरतं. मोगऱ्याला रोज किमान सहा तास थेट ऊन हवं. सावलीत तो लांब, पिवळट, फुलाविना वेली सोडतो. तुमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीची सावली पडत असेल तर कुंडी आधी हलवा, छाटणी त्यानंतर. जाईला अर्धं ऊनही चालतं, कुंद त्याहून सोशिक.

पहिला बहर ओसरला की फूल गेलेल्या प्रत्येक टोकाला खालची दोन पानांची जोडी सोडून कापा. साधारण पाच-सहा आठवड्यांत पुढची कळी दिसते. जूनमध्ये करायची छाटणी ती एवढीच, हलकी. गजऱ्यासाठी कळ्या सूर्योदयाच्या सुमारास खुडा, पूर्ण भरलेल्या पण मिटलेल्या. ओल्या फडक्यात ठेवल्या की संध्याकाळी ओंजळीत उमलतात. जाईचं फूल मात्र रात्री उमलतं, तेव्हा ते पहाटे उमललेलंच घ्यावं, अत्तरासाठीही तसंच घेतात.

बिघाड बहुतेक करून दोन-तीनच प्रकारचे असतात. पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तेही कोवळ्या पानांत आधी, असं दिसलं तर लोहाची कमतरता. चुनखडीच्या काळ्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यावर हे हमखास होतं, कारण लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. कळीला भोक आणि आत विष्ठा, शेजारच्या कळ्या जाळीने चिकटलेल्या, तर कळी पोखरणारी अळी. कळ्या खुरटून जांभळट झाल्या आणि गळल्या तर कळीमाशी. दोन्हीत पहिलं औषध एकच: बाधित कळ्या आणि कुंडीत पडलेल्या कळ्या रोज वेचून पिशवीत बांधून टाका, आणि वरची माती हलवा, कारण कळीमाशीची अळी कोषात जायला मातीतच उतरते. त्यावर निंबोळी तेल लिटरला ५ मिलिलिटर, थोडा साबण घालून, आठवड्याला एकदा. पानामागे बारीक जाळं आणि पानं निस्तेज झाली तर लाल कोळी, त्याला पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, पण कडक उन्हात नको.

परदेशातून वाचणाऱ्या एक-दोघांनी खाली विचारलंय म्हणून जोडतो. युरोप-अमेरिकेत हिवाळ्याच्या शेवटी तारेच्या कड्यावर गुंडाळून विकतात ते गुलाबी कळ्यांचं ‘पॉलिअँथम’, जास्मिनमचीच आणखी एक जात. त्याला कळ्या धरायला थंड रात्री लागतात, म्हणून उबदार खोलीत ते पुन्हा फुलत नाही. मोगऱ्याचं उलटं: पारा १० अंशांखाली गेला की तो आत घ्या. आणि अमेरिकेच्या दक्षिणेत कुंपणावर चढलेली पिवळी ‘कॅरोलायना जस्मिन’ जॅस्मिन नाहीच, तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. फुलातला मध चोखायला मुलांना देऊ नका.

कुंद ठेवा. थंडीत जेव्हा मोगरा, जाई, जुई तिन्ही गप्प असतात तेव्हा पूजेच्या तबकात पांढरं फूल तोच देतो. जाई हवीच असेल तर जून-जुलैत घ्या, देठावरची पानं मोजून, आणि जमलं तर रोपावर एखादी गुलाबी पाठीची कळी असलेलंच. तिला बांधायला दोरी किंवा जाळी आधी तयार ठेवा, कारण तिला वेलीसारखे ताणे नसतात. ती नुसती टेकते, बांधली नाही तर खाली लोळते.